भुऱ्याचा चातुर्मास

वर्षाचा होत आलेला भुऱ्या कुत्रा पिल्लूपणापासून शिकवल्याप्रमाणे परसात जाऊन मोकळा होई. चातुर्मास लागला आणि तो रोज ओसरीची सारवलेली जमीन ओली करू लागला. अक्कलकुव्यात कुणालाही आपला शब्द मोडू न देणाऱ्या, त्या जैन घराच्या मालकीण जतनबाईंनी काही दिवस कळ काढली, मग गाडीवान आमश्याला बोलावले.

"याला तुझ्या पाड्यावर ने. शिकवलेले विसरणारा माझ्या घरात नको."

"ली जास, बाई. मन्हा पाडावर बठ्ठं बाहेरच शे," तिथे सगळेच बाहेर चालते असे सांगत आमश्याने भुऱ्याला दोर बांधला.

तेव्हा सून बदामबाई पदराआडून म्हणाली, "बाईसा, तो विसरला नाही. चातुर्मासात गवतात पाय दिला की बारीक जीव मरतात, म्हणून आषाढात तुम्हीच त्याला कान धरून मागे ओढलेत. आता परसात गवताविना जागा कुठे आहे?"

जतनबाईंनी पाहिले. पायरीपासून कुंपणापर्यंत सारे हिरवे होते, आणि भुऱ्या पायरीवर थांबून त्यांच्याच तोंडाकडे बघत होता.

"दोर सोड, आमश्या."

आयुष्यात एकाही चातुर्मासात न केलेली गोष्ट त्यांनी केली. लुगडे सावरून त्या अनवाणी गवतात उतरल्या.

"पाप माझ्या माथी," त्या भुऱ्याला म्हणाल्या. "तू ये."