समुद्री सरड्याचा खांदा

"नाव काय टाकू, मॅडम? आणि वय?" स्कॅन करणाऱ्या मुलीनं विचारलं.

"समुद्री सरडा टाक. वय पंधरा कोटी वर्षं," जीवाश्मांचा अभ्यास करणारी दमयंती थकून म्हणाली.

हॉस्पिटलात माणसांचे स्कॅन आटोपल्यावरच दगडांचा नंबर लागायचा. कच्छमध्ये सापडलेलं, दगड झालेलं खांद्याचं हाड तिनं लंगडत आणून मशीनवर ठेवलं.

हाडांचे डॉक्टर अंकलीकर पडद्याकडे वाकले. "या टोकाला रक्त पोचलं नाही, म्हणून ते मेलंय. अगदी तुमच्या खुब्यासारखं."

"पण भोवती नवं हाड धरलंय, बघा!" दमयंतीला हवं ते सापडलं होतं. "असा खांदा घेऊन हा कित्येक वर्षं पोहला. मग मीही जानेवारीत कच्छला खोदकामाला जाईन. ऑपरेशनचं पुढच्या वर्षी बघू."

"अहो बाई, त्याला श्वास घ्यायला सारखं वर यावं लागायचं. दुखतंय म्हणून थांबला असता, तर बुडून मेला असता. तुम्हाला कोणी थांबू नका म्हटलंय?"

दमयंतीनं आठवून पाहिलं. कोणीच म्हटलं नव्हतं.

"ऑपरेशननंतर किती दिवस पडून राहावं लागेल?" तिनं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला त्या दिवसांची हाव सुटली.