रोज जळणारं शहर

परमेश्वर आखातात क्रेन चालवायला गेल्यापासून शहागडच्या घरात गोपिकाबाई एकट्याच. पोराचा फोन यायचा तो दिवाळीला आणि पोळ्याला, तोही घाईघाईचा. मग तिकडं युद्ध पेटलं, एका च्यानलनं भोंगे वाजवत त्याचं शहर बेचिराख करून टाकलं, आणि परमेश्वर आईची समजूत काढायला रोज सकाळी फोन करू लागला.

"आई, ते च्यानल बिलकुल लबाड हाय. इथं एक काचबी फुटली न्हाई. तू जेवलीस का?"

पंधरा दिवसांनी शेजारची उषाबाई डोकावली, तर टीव्हीवर तेच शहर पुन्हा जळत होतं.

"अवो काकू, युद्ध थांबून चार दिस झाले की! बाकीचे समदे च्यानल सांगून राह्यले. हे मेले जुनंच दाखवून राह्यले, जाळून जाळून थकंनात. आणा तो रिमोट इकडं."

गोपिकाबाईंनी रिमोट पदराखाली ओढून घेतला.

 

"राहू दे, उषा. यांनीबी युद्ध थांबवलं, तर परमेश्वर उद्या फोन कशाला करंल?"