शिंगांमधलं पांढरं

"शिंगंच काढायची," सासूबाईंनी नव्या नमद्यासाठी लोकरीचं जाजम पसरलं आणि नुरझादाच्या हातात खडू दिला. "या घरातल्या नमद्यावर मेंढ्याची शिंगंच असतात. भलती थेरं नकोत."

नुरझादाचा सासरी पहिलाच हिवाळा. बर्फानं खिंड बंद, माहेर खिंडीपलीकडे. खिडकीच्या काचेवरही बर्फ धरलेला, त्यामुळे बाहेरचं झाडसुद्धा दिसेना.

"आपा, करकोचे काढू?" नुरझादानं सासूबाईंना विचारलं. "बर्फ पडायच्या आधी घरावरून जाताना पाहिलेत मी."

"पाखरं उडून जाणारी," चुलीशी चहा पीत बसलेले सासरे गुरकावले. "ती घरात कशाला?"

"ऐकलंस ना?" सासूबाई म्हणाल्या.

नुरझादानं खाली पाहिलं. ती बसली होती तो लोकरीचा नमदा सासूबाईंनी स्वतःच्या लग्नानंतर केलेला. पांढऱ्यावर लाल शिंगं. चाळीस वर्षं आल्यागेल्याला कौतुकानं दाखवलेली. बघता बघता तिची नजर लालवरून पांढऱ्यावर घसरली आणि तिथेच अडकली. दोन शिंगांच्या मधे सुटलेल्या पांढऱ्याला मान होती, पंख होते. एक नाही, अख्खा थवा. आणि सगळ्यांची तोंडं खिंडीकडे. सासूबाईंचं माहेरही तिकडचंच.

तिनं दचकून वर पाहिलं. "आपा, हे तर..."

"हळू!" सासूबाई कुजबुजल्या. मग सासऱ्यांना ऐकू जाईल असं खणखणीत म्हणाल्या, "शिंगंच काढ!"

आणि तिच्या कानाशी वाकल्या, "मधलं पांढरं कसं सोडायचं, ते मी दाखवते."