एका जागेपुरतं पाणी

आगीचा भोंगा वाजला की टेक्सासमधल्या त्या गावात पूर्वी वीस माणसे आपणहून बंबाकडे धावत. आज सत्तरीचा आर्डेल आणि त्याची बायको नेल्डा, एवढीच आली. पेटली होती ती आर्डेलच्या आजोबांची जिनिंग, कापसातली सरकी काढायची गिरणी; तिच्याच कापसावर गाव उभे राहिले होते. ठिणग्या मात्र शेजारी नव्याने राहायला आलेल्या त्रेविन्योच्या लाकडी घरावर पडू लागल्या. "बंबात पाणी एका जागेपुरतंच आहे," नेल्डा ओरडली, "लवकर ठरवा!" "आजोबांची जिनिंग आहे गं!" "बंद पडून जमाना झाला तिला. विझवून काय, आता सरकी काढत बसणार?" आर्डेलने पाण्याची धार घराकडे वळवली. पाठीमागे जिनिंगचे छप्पर कोसळले. त्याने वळून पाहिले नाही. त्रेविन्यो धावत आला. "द्या तो पाइप, काका. दमलात तुम्ही." "दोन्ही हातांनी धर," म्हणत आर्डेल चिखलातच मटकन बसला.