येते हं

मुलीला सांभाळायला आलेली तिसरी यंत्रदाई सगळ्यात जुनी होती. तिच्या कोपराचं रबर झिजलं होतं आणि वरणभात भरवताना हात मधेच अडकायचा. आधीच्या दोघी नव्याकोऱ्या. त्यांनी दोन वर्षांच्या शर्वीला एक शीतही न सांडता जेवू घातलं होतं. पण तासाभराची चाचणी संपल्यावर "मी जाते" म्हणून त्या निघाल्या आणि शर्वीने रडून घर डोक्यावर घेतलं.

ही मात्र दारात थांबली. शर्वीच्या हनुवटीला बोट लावून म्हणाली, "येते हं."

शर्वीने हात हलवला आणि ती पुन्हा खेळायला वळली.

"हे कुठे शिकलीस?" शर्वीच्या आईने, मृदुलाने विचारलं.

"आधीच्या घरी पोळ्या करायला एक मावशी यायच्या. मी जाते म्हटलं की ओरडायच्या. जाते नाही, येते म्हण."

कंपनीचे घोरपडे ओशाळले. "सॉरी मॅडम. आधीच्या घराचं सगळं आम्ही पुसून देतो. हे कसं राहिलं कोण जाणे. आत्ता काढतो."

"राहू द्या. मला हीच हवी," मृदुला म्हणाली. पण तिला राहवलं नाही. "त्या घरून निघताना काय म्हणालीस गं?"

"येते, असंच म्हणाले. तिथेही कुणीतरी लहान होतं." दाई घोरपड्यांकडे वळली. "पण पत्ता पुसला गेलाय. तुम्हाला ठाऊक आहे का?"