राहून गेलेलं ताट

जावयाच्या क्रेडिट कार्डावर विमानतळावरच्या नव्या लाउंजमध्ये शिरले, तेव्हाच कीर्तनकार अच्युतबुवा सावध झाले. ओळख ना पाळख, तरी पंचपक्वान्नं मांडलेली, आणि उंच टोपीतला आचारी तिसऱ्यांदा ताट घेऊन आलेला.

“एवढा आग्रह उगाच नसतो, जावईबापू. आता हा कीर्तन करा म्हणणार.”

“अहो अण्णा, कार्ड दाखवलं की इथे सगळ्यांनाच वाढतात.”

बुवांना पटेना. कीर्तन करायचं तिथे जेवायचं नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. पोटात कावळे ओरडत होते, तरी त्यांनी ताट दूर सारलं.

आचारी पुन्हा आला, या खेपेला गरम सांज्याची पोळी घेऊन.

“काय हवंय तुला माझ्याकडून?” बुवांनी सरळच विचारलं.

“काही नाही, बुवा. लहानपणी आमच्या गावी तुमचं कीर्तन झालं. आईनं तुमच्यासाठी अशाच पोळ्या केल्या होत्या, अन् तुम्ही नेमापायी न जेवता निघालात. ती अजून बोलून दाखवते. आज इथं कीर्तन नाही ना?”

बुवांनी ताट जवळ ओढलं. “तूप वाढ,” ते म्हणाले, “आणि आईला फोन लाव.”