बिनखोटीचं पोर

सातव्या दिवशीही वर्गात सोमारी एकटीच होती.

दाराबाहेर पाचोळा वाजला की ती दचकायची. गुणवंतराव गुरुजींनी हजेरीची सगळी नावं वाचली, एका सोमारीचं "हाजर" ऐकलं आणि वही मिटली.

नदीवर पुलाचं काम चाललं होतं. पूल टिकायचा तर खांबाखाली पोर गाडावं लागतं, ठेकेदाराची माणसं पोरं धरत फिरतात, अशी आवई उठली आणि आयाबायांनी लेकरं घरात कोंडली. पण पुलाला लागतं ते बिनखोटीचं, धडधाकट पोर. सोमारीचा डावा पाय लहानपणीच्या तापात लुळा पडलेला. तिला कोण नेणार?

तिची मायही तेच म्हणाली होती. "जा तू. तुले कोन धरते?" म्हटलं खरं, आणि मग चुलीपुढं डोळे पुसत बसली.

खोटं कशाला बोला, या सात दिवसांत पोरगी खुलली होती. एरवी ती फळ्याकडं निघाली की चैतू मागून तिच्यासारखं लंगडून दाखवायचा, सारा वर्ग खिदळायचा आणि येत असलेलं गणितही तिच्या डोक्यातून उडून जायचं. हिला चौथीच्या परीक्षेला बसवायचंच नाही, असं गुरुजींनी ठरवूनही टाकलं होतं. आता ती काठी टेकत फळ्याशी जायची आणि त्रैराशिक सोडवून मोकळी व्हायची. गुरुजी चाट पडले होते.

"इतकं येते तं आजवर बोलत काऊन नव्हती, बाई?"

सोमारीनं मान खाली घातली.

"भेव वाट्टे?"

"हो, गुरुजी."

"पोरं धरनाऱ्याचं?"

सोमारी खडू घेऊन फळ्याकडं वळली. तेवढ्यात कोतवाल पोचू दारात आला.

"गुरुजी, काल लोकाईनं पुलावरच्या एका मजुराले पोरं धरनारा समजून मारलं. डोकं फुटलं बिचाऱ्याचं. आता ठाण्याच्या साहेबानं चौकशी केली. कुठीच कोनाचं पोर गेलं नाई."

"मंग हे उठवलं कोनं?"

"सुगंधाबाईनं गावात सांगितलं. ते म्हन्ते, विहिरीवर आयकलं, कोनाकून ते ध्यानात नाई. जाऊ द्या. उद्यापासून सारी पोरं येतीन."

सोमारीच्या हातातला खडू पडला. त्या मजुराचं फुटलेलं डोकं तिच्या डोळ्यांपुढून हलेना. गुरुजींनी तिला पाणी दिलं.

"आता भेवाचं काम नाई, पोरी. उद्या सगळ्याईपुढं हेच गनित करून दाखव."

"सगळ्याईपुढं?"

"हो तं. चैतूलेबी पाहू दे."

शाळा सुटली. सोमारी घराकडं न जाता विहिरीच्या वाटेला लागली. सुगंधाबाई एकटीच पाणी शेंदत होती. काठी दोन्ही हातांनी घट्ट धरून सोमारी म्हणाली, "मावशी, नदीपल्याडचं एक पोर कालपासून दिसून नाई राह्यलं म्हन्ते."

सुगंधाबाईच्या हातातला दोर थांबला. "काय सांगतं, माय? मंग तूबी घरीच राह्य उद्या."

"माह्यी काळजी नको करू, मावशी. मांगंबी सांगितलं होतं ना मी तुले? बिनखोटीचंच पोर लागते त्याईले."